नारळाचं पाणी

"मशीन न्यायला आमचा माणूस येणार नाही, ताई. तुम्ही आणून द्या. आम्ही कंपनीला पाठवू, मग दोन-तीन आठवड्यांत कळेल काय ते."

दोन-तीन आठवडे! दुकानदाराशी फोनवर बोलत मी घरामागच्या कातळावर उभी होते, कारण आमच्याकडे रेंज तिथेच येते. खाली घरात बाबा खाटेवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, एकेक श्वास ओढून आणत होते. चिरेखाणीत जन्म गेला त्यांचा. तांबडी धूळ छातीत बसली ती बसलीच. आता घरी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मुंबईला असलेल्या माझ्या भावाने रत्नागिरीच्या एका दुकानातून ते मागवलं. दुकानाचा टेम्पो लांज्याच्या पुढे, आमच्या आतल्या गावापर्यंत आला होता. आणून द्यायला टेम्पो होता हो त्यांच्याकडे! परत न्या म्हटल्यावर त्याची चाकंच गळून पडली.

मी लांज्याला दिलेली, पण त्या दिवसांत माहेरीच होते. मशीन आलं तेव्हा दुकानाचा माणूस ते चालू करून, "पाच मिनिटांत दिवा हिरवा होईल, मग ऑक्सिजन नीट येतोय समजा" असं सांगून निघून गेला. त्यानंतर आईने अंघोळ केली आणि पूजा मांडली. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लागतंच, मग ती शिलाई मशीन असो नाहीतर पाण्याचा पंप. आणि हे तर नवऱ्याचा श्वास चालवणारं मशीन. तिने कुंकू लावलं, तांदूळ वाहिले, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी बोटांनी मशीनवर शिंपडलं. चार थेंब असतील. भावाला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून त्याला पाठवायला मी सगळं मोबाइलवर टिपत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन टीं टीं करायला लागलं. बाबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून पाहिला तर आकडा खाली खाली चालला होता.

दुकानात फोन लावला, तेव्हा पलीकडून विचारलं, काही सांडलं वगैरे होतं का? मी नाही म्हणणार तेवढ्यात आई शेजारून बोलली, "नारळाचं पाणी शिंपडलं व्हतं जरासा. त्येनं कायतरी झाला नसंल ना?"

झालं! त्यांना हवं ते आयतं मिळालं. आत पाणी गेलंय, वॉरंटी गेली, मशीन उचलणार नाही, हवं तर तुम्हीच आणून द्या. मी मोठ्याने भांडले, तशी त्यांनी फोन ठेवला.

आई मागच्या पडवीत जाऊन बसली. जेवण नाही, पाणी नाही. मी जवळ गेले तर म्हणाली, "मीच मारतंय गो ह्यांना. माज्या हातानं."

मला रडू आलं नाही, संताप आला. अख्ख्या आयुष्यात त्या बाईने खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तिचं खरं बोलणं तिच्याच गळ्यात अडकवलं होतं मेल्यांनी.

शेजारचे रिक्षावाले काका लांज्याहून ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आले. तो संध्याकाळपर्यंत पुरेल, त्यापुढे सांगता येत नाही, असं त्यांना सांगितलं होतं. काका म्हणाले, "मशीन घालूया मागं, नेऊन टाकूया त्याच्या दारात." मी नको म्हटलं. एकदा का ते घराबाहेर गेलं की आमच्या हातात काय राहिलं? त्यांनी कोपऱ्यात ठेवून फोन उचलणंच बंद केलं तर? न्यायचं तर त्यांनी न्यायचं, आणि दुसरं चालू करून मगच.

काकांना बाबांजवळ बसवलं आणि मी एकटीच एसटीने रत्नागिरीला निघाले. जाऊन नक्की काय बोलणार, ते मलाही ठाऊक नव्हतं. हातखंब्याला गाडी थांबली तेव्हा भावाचा फोन आला.

"पूजेचा व्हिडिओ बघ. मी सकाळपासून तोच बघत बसलोय. आवाज मोठा कर आणि नारळाच्या आधीचं ऐक."

मी मोबाइल कानाशी धरला. आईच्या बांगड्या वाजत होत्या. मग बाबांचा बारीक आवाज आला, "दिवा हिरवा व्हनार म्हनला ना तो? पिवळाच हाय अजून." आणि आई म्हणाली, "असूं दे. हळदीचा रंग हाय, चांगला असतो."

त्यानंतर नारळ. त्यानंतर!

दुकानात मालकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "ताई, तुमच्या भावना समजतात, पण—"

"भावना घाला चुलीत," मी म्हटलं आणि व्हिडिओ लावला. काठी बघायला आलेले एक आजोबा तेवढ्यात वळून जवळ आले. मालक म्हणाले, सुरुवातीला थोडा वेळ दिवा पिवळा राहतोच.

"पाच मिनिटं, असं तुमचाच माणूस सांगून गेला. त्यानंतर माझी आई अंघोळ करून पूजेला बसली. पाण्याचा थेंब पडण्याआधीच मशीन आजारी होतं. आणि दिवा हिरवा झालेला न बघता तो गेला कसा?"

आजोबाच म्हणाले, "बरोबर बोलतेय हो पोरगी."

तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून तिथेच उभ्या उभ्या मी त्यांच्या दुकानाच्या नंबरवर लिहून पाठवलं: मशीन पहिल्यापासून सदोष आहे, आजच घरून घेऊन जा आणि त्याआधी दुसरं चालू करून द्या, नाहीतर ग्राहक आयोगाकडे तक्रार करते. सोबत बिल आणि व्हिडिओ जोडला. मालक म्हणाले, उद्या सकाळी बघू.

"उद्यापर्यंत सिलिंडर नाही पुरणार. मी बसलेय इथे."

आणि विकायला ठेवलेल्या चाकाच्या खुर्चीत, प्लास्टिकच्या वेष्टनासकट, बसले. घरून काकांचा फोन आला, सिलिंडरचा काटा लालकडे सरकतोय. मी फोन स्पीकरवर टाकला आणि काकांना म्हटलं, परत सांगा. मालकांनी ते ऐकलं. मग उठून दुसरं मशीन चढवायला टेम्पोवाल्याला हाक मारली.

मी ड्रायव्हरशेजारी बसले. मशीन वाटेत कुठे थांबवू देणार नव्हते मी. घाटातल्या प्रत्येक वळणाला वाटत होतं, आता काकांचा फोन येईल. आला नाही. पोचले तेव्हा काटा लाल पट्टीत होता आणि बाबांचे ओठ काळपट दिसत होते.

नवं मशीन लागलं. दिवा पिवळा. आम्ही सगळे त्याच्याकडे डोळे लावून उभे. पिवळाच. आणि मग हिरवा झाला.

टेम्पोवाला जुनं मशीन घेऊन गेला. त्यावरचं कुंकू तसंच होतं. बाबा जरा सावरले, तसे इकडेतिकडे बघायला लागले. आई खोलीत आलीच नव्हती.

"नारळ... कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

पडवीतून आई म्हणाली, "नको. आता नको."

"फोड गो." मध्ये एक मोठा श्वास घेतला. "मी सांगितलं व्हतं ना, दिवा पिवळा हाय म्हनून."

आईने उंबऱ्यावर नारळ फोडला. पाणी वाटीत धरलं आणि मशीनपासून लांबून, भिंतीला चिकटून खाटेपर्यंत आली. वाटी इतकी हलत होती की अर्धं पाणी तिच्याच हातावर सांडलं. बाबांनी तिचं मनगट धरलं, वाटी तोंडाला लावली आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं. मग सकाळपासून पहिल्यांदा आई रडली.