भाऊंची सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनींना नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते भाऊ तर आता नाहीतच. तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून कदाचित तुमच्यापुढे तोंड उघडतंय. पण उघडतंय तरी कुठे — दोन वेळा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन उठलो.

आधी भाऊंबद्दल सांगतो. भाऊ म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले. माझी फी, माझे कपडे, माझं लग्न — सगळं त्यांनी पाहिलं. पारोळ्याजवळच्या एका गावात ते मुख्याध्यापक होते. त्या भागात चाळिशीच्या पुढच्या कुणाचाही शाळा सोडल्याचा दाखला काढा, खाली भाऊंची सही सापडेल. मोठी, तिरकी, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून खाली दोन टिंबं. लोक दाखला हातात घेऊन म्हणायचे, सरांची सही म्हणजे छापल्यासारखी. भाऊंना ते आवडायचं. एरवी स्वतःचं कौतुक त्यांना खपायचं नाही, पण सहीचं खपायचं.

आणि मी? मी जळगावात सरकारी कचेरीत कारकून. घरात कुठलाही कागद आला की माझ्याकडे. सातबारा, पेन्शन, लाइटबिलातली चूक, भाच्याचं जातीचं प्रमाणपत्र — धाकल्याकडे द्या, धाकला बघेल. धाकला म्हणजे मी. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू. भाऊ एवढे हुशार, पण विम्याच्या फॉर्मसमोर माझ्याकडे बघायचे तेव्हा मला बरं वाटायचं.

निवृत्तीनंतर भाऊंनी गाडी घेतली. पांढरी, छोटी. साठीत चालवायला शिकले आणि शाळेसारखीच शिस्तीत चालवायचे. वहिनींना घेऊन धुळ्याला मुलीकडे, कधी दोंडाईच्याला साडूंकडे. दरवर्षी जानेवारीत विमा भरायची वेळ आली की चेकबुक माझ्याकडे यायचं. एका चेकवर सही करून ठेवलेली असायची आणि भाऊ म्हणायचे, बाकी तू भर. आमची पद्धतच होती ती. पॉलिसीवर पत्ताही माझाच, कारण कागद मीच सांभाळायचो.

त्या जानेवारीत मी चेक भरला आणि तारखेत मागचं वर्ष लिहिलं. जानेवारीत कुणाचं होत नाही असं? पण खाडाखोड चालत नाही. पारोळ्याला जाऊन दुसरी सही आणायची म्हणजे भाऊंचं ऐकून घ्यायचं — अरे, एवढी वर्षं कचेरीत बसतोस आणि तारीख लिहिता येत नाही? पन्नाशी ओलांडली होती मी. तरीही त्या एका वाक्याची भीती वाटली. मी खराब चेक फाडला आणि पुढच्या कोऱ्या चेकवर भाऊंची सही स्वतः केली.

शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर करायचो. कधी पकडला गेलो नाही. शेपटी, दोन टिंबं, सगळं जमायचं.

बँकेपुढे नाही जमलं. विमा कंपनीचं पत्र आलं, सोबत परत आलेला चेक. सही जुळत नाही, सबब पॉलिसी रद्द. मी पत्र कचेरीतच उघडलं होतं. म्हटलं ठीक आहे, गुपचूप नवीन काढू. नाव न सांगता फोन करून विचारलं. ते म्हणाले, मध्ये खंड पडलाय, गाडी आणून दाखवावी लागेल, मगच नवा विमा. आता गाडी पारोळ्याला, भाऊंच्या दारात. मागायची तर कारण सांगायला हवं. म्हटलं रविवारी जाऊ. रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी म्हटलं, काहीतरी निमित्त काढू. दोन रविवार गेले आणि भाऊ त्या गाडीतून विम्याशिवाय फिरत होते. त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

तिसऱ्या आठवड्यात धुळ्याहून परतताना पुढे उसाची ट्रॉली उभी होती. ना दिवा, ना लाल कापड. दिवस मावळतीला आलेला, मागचं ऊन आरशातून डोळ्यावर. गाडी ट्रॉलीखाली शिरली. वहिनींच्या गळ्याचं हाड मोडलं, भाऊंना कपाळावर टाके. जीव वाचले. दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं गेलो. मेस्तरी भाऊंचाच विद्यार्थी निघाला. त्यानं वाकून पाया पडून घेतलं आणि म्हणाला, "सर, हिला दुरुस्त करण्यात अर्थ नाही. टोटल लॉस आहे." भाऊ शांत होते. "विमा शे ना," ते म्हणाले, "धाकल्यानी करेल शे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हा सांगायचं होतं. तिथे, त्या चेपलेल्या पत्र्यासमोर. नाही सांगितलं.

विमा कंपनीच्या कचेरीत बाईंनी संगणकात बघितलं आणि अवघडून म्हणाल्या, "काका, ही पॉलिसी रद्द झालेली आहे. चेकवरची सही जुळली नाही. पत्र पाठवलं होतं आम्ही." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पत्र आलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर एवढा विश्वास. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला आणि नुसते बघत बसले. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाले, "मना हात आते मना ऱ्हायना नही. बठ्ठं मनामुळे व्हयनं, धाकल्या." हात आपला राहिला नाही, सगळं आपल्यामुळे झालं म्हणे.

ती सही आपली नव्हती हे त्यांना कसं कळणार? त्यांनी चेकवर सही केली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. ती मी फाडली होती.

पुढे गंमत बघा — गंमत कसली. त्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. हात सहीला हलला, तसाच गाडीच्या स्टिअरिंगवर हलला असेल. ट्रॉलीला दिवा नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं, पोलिसांनी लिहूनही घेतलं होतं. तरी भाऊ वहिनींच्या गळ्याच्या पट्ट्याकडे बघून म्हणायचे, माझ्या हातानं झालं. मुलगी म्हणाली दुसरी गाडी घ्या, आम्ही देतो. नको म्हणाले. एसटीनं जायला लागले. वहिनी एका हातानं दांडी धरून चढायच्या, भाऊ मागून आधार द्यायचे.

पण हेही मी जिरवलं असतं. जे सांगायला बसलो ते अजून पुढेच आहे.

दोनेक महिन्यांनी पारोळ्याला गेलो. दुपारची वेळ, वहिनी आत निजल्या होत्या. भाऊंनी शाळेची एक जुनी वही पुढे केली. पानंच्या पानं सह्या. मोठ्या, तिरक्या, शेपटी, दोन टिंबं. एकीवर दुसरी ठेवली तर तंतोतंत बसावी. म्हणाले, उद्या बँकेत जातो आणि तो चेक दाखवा म्हणतो. सहीत काय खोट होती ते तरी कळू दे. मग वही माझ्याकडे सरकवून, पेपर तपासायला दिलेल्या पोरासारखे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "देख बरं. जमस का?"

विम्याच्या कचेरीत माझी जीभ घसरली होती असं म्हणता येईल. पत्र लपवलं तेव्हा घाबरलो होतो असंही म्हणता येईल. पण इथे? इथे मी शांत डोक्यानं विचार केला. बँकेत चेकचा फोटो असणार. भाऊ एका नजरेत ओळखतील की ती सही कुणाची. ज्या माणसानं चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, तो ओळखणारच.

मी वही डोळ्यांजवळ धरली. जरा वेळ घेतला. आणि म्हणालो, "जराशी हालस, भाऊ."

त्यांनी मान हलवली. वही मिटली. बँकेत गेले ते चेक बघायला नाही, अंगठा लावायला. पेन्शनला अंगठा, हयातीच्या दाखल्याला अंगठा, नातवाच्या लग्नाच्या नोंदणीलाही अंगठा. दरवर्षी मीच न्यायचो त्यांना. शाईच्या डबीवर मीच त्यांचा अंगठा धरायचो, कारण त्यांना सवय नव्हती, फार दाबायचे. काउंटरवरचा एखादा मुलगा पेन पुढे करायचा तर हसून म्हणायचे, आमच्याकडे अंगठाच असतो हो. एकदा एक म्हातारा शेजारून म्हणाला, सर, तुम्ही? मी शाई पुसायला रुमाल दिला.

सात वर्षं असं चाललं. प्रत्येक वर्षी सांगता आलं असतं.

गेल्या वर्षी भाऊ गेले. तेराव्यानंतर वहिनींनी ती वही आणून दिली. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडेच राहू द्या. कागदं तुम्हीच सांभाळतात." जळगावला येऊन उघडली. मला वाटलं होतं त्या दुपारच्या पानावर संपली असेल. संपली नव्हती. त्यांनी कुणाला न सांगता पुढे लिहिणं चालू ठेवलं होतं. दर पानावर दहा सह्या, कोपऱ्यात तारीख, आणि खाली लाल पेनानं, जसं पोरांच्या वहीत लिहायचे तसं — सुधारणा आवश्यक. शेवटचं पान दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या आठवड्यातलं. तिथेही तेच, सुधारणा आवश्यक.

मी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळ्या सह्या बघितल्या. एकही हललेली नाही.