पायाळू काकू

आमच्या गल्लीत कोणाला उसण भरली की औषधाचं दुकान नंतर, आधी पायाळू काकू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याचा पाय कमरेला लागला की उसण उतरते, हे अमरावतीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. काकू तव्यावर भाकर टाकून उठायच्या, एका हाताने भिंत धरायच्या आणि वाकलेल्या माणसाच्या कमरेला उजवा पाय तीनदा लावायच्या. "जाय आता. वझं उचलू नोको." तोवर भाकर करपलेली असायची.

माहेर चांदूर बाजारला, तासाभरावर. पण तिथे दोन दिवस झाले की तिसऱ्या दिवशी फोन ठरलेला. "मी माहेरी बसली तं तिथले मानसं वाकडेच रायतेत," म्हणायच्या आणि पिशवी भरायच्या. मला लहानपणी वाटे, काय हा मान! अक्कल कुठे होती मला.

पुढे मी कायरोप्रॅक्टिक शिकले, अकोल्यात दवाखाना थाटला. मणके आणि सांधे हातांनी मोकळे करायचे, एवढंच लोकांना सांगते. त्यातही तऱ्हा आहेत. कोणी नेमका झटका देतं, तेव्हा कट्ट आवाज येतो. कोणी हळूहळू दाबत, ताणत सैल करतं. कोणी पेनाएवढं ठोकायचं यंत्र वापरतं. आवाज म्हणजे हाड बसलं असं नव्हे, तो सांध्यातल्या वायूचा बुडबुडा, हे सांगून सांगून माझा घसा बसला. लोकांना कट्ट हवाच.

सत्तरीत काकूंचीच कंबर धरली, तेव्हा त्या बसने अकोल्याला आल्या. हाडं ठिसूळ झालेली, झटका द्यायचा प्रश्नच नव्हता. पालथं झोपवून मी नुसत्या तळहातांनी काम करत होते.

"आवाज नाई आला व."

"येणारही नाही, काकू."

मग टेबलाला तोंडासाठी ठेवलेल्या भोकातून, जमिनीकडे बघतच म्हणाल्या, "मी पायाळू नाई. माही लहानी बहीण व्हय."

सोयरीक जमवणाऱ्याने बहिणीऐवजी काकूंनाच पायाळू सांगून घोळ घातला होता. सासूबाईंची कंबर कायमची दुखरी, त्या खूश. लग्नाच्या चौथ्या दिवशी सुनेपुढे पालथ्या झोपल्या. "नाई म्हनाची सोय होती काय मले? लावला पाय. अन् त्यायले बरं वाटलं ना! त्यायची उसन उतरली, माही भरली ते आजलोक." काकू हसल्या नाहीत. "आता एका पायावर उभं रायनं होत नाई. पडीन एखांद्या दिवशी. तू शिकेल हाय, तूच सांग त्यायले. सोडव मले."

मी अमरावतीला गेले आणि ऐनवेळी कच खाल्ली. म्हातारीने जन्मभर फसवलं म्हणतील, ही भीती. म्हणून म्हटलं, काकूंना एका पायावर उभं राहायची मनाई आहे. गल्लीत सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारात खुर्ची आणून ठेवली. बसून लावा म्हणे! याची लाज मला अजून वाटते.

यंदा काकू गेल्या. अंगणात बायका एकेक करून पाया पडत होत्या. कोपऱ्यावरच्या वहिनी पाया पडल्या, मग हळूच पाठ वळवून बसल्या आणि काकूंच्या उजव्या पावलाला कंबर टेकवली. माझं डोकंच फिरलं. "अहो, सोडा की आता तरी त्यांना! त्या पायाळू नव्हत्या!"

वहिनींनी डोळे पुसले. "गेलेल्या मानसाले असं बोलू नाई, बाई," म्हणाल्या आणि सरकून मागच्या बाईला जागा करून दिली.