कुजबुजत केलेलं भांडण

"आधी पोट उघडू, मग तू तोंड उघड." मेलेली कोंबडी घेऊन कुणी दुकानात आलं, की मामा एवढंच म्हणत आणि हातात ब्लेड घेत.

सांगलीत त्यांचं कोंबडीखाद्याचं दुकान होतं; सगळी गिऱ्हाइकं त्यांना मामाच म्हणत. ज्याच्याशी घासाघीसच करता येत नाही, असा दुकानदार तुम्ही पाहिलाय? मी एकच पाहिला. त्याचा राग अजून आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सायकलवरून अंडी विकत विकत मी पलूसजवळ स्वतःची शेड उभी केली होती. अंडी बंद झाली की कोंबडी वजनावर विकायची, म्हणून मी मका भरमसाट चारायचो. त्या उन्हाळ्यात चांगल्या गुबगुबीत कोंबड्या पटापट मरू लागल्या.

मामांनी एक उघडली. कलेजी पिवळी पडली होती, बोट लावलं की लोण्यासारखी फुटत होती. आत रक्त साकळलेलं.

"चरबी साचलीया. कोलीन पायजे. ती पावडर खाद्यात घातली की कलेजीत चरबी साचत न्हाई."

डबा एकच उरला होता. बाकावर जतची एक बाई माझ्या आधीपासून बसली होती. तिच्याही कोंबड्या मरत होत्या. मामांनी डबा तिच्या हातात दिला.

मी दुप्पट भाव बोललो. मग तिप्पट.

"भाव चढवून कोंबडी जगत न्हाई, गड्या."

मी नको नको ते बोललो आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा एसटीनं पलूसला आले. खांद्यावर पोतं. "यीस्ट आन् गव्हाचा कोंडा. ह्यातबी थोडं कोलीन असतं. मका निम्मा कर."

मी ओरडायला लागलो. एक कोंबडी दचकून फडफडली आणि जागीच पडली. मामांनी माझ्या तोंडावर हात दाबला.

"वरडू नगंस. दचकली की कलेजी फुटती. शिव्या दे, पन हळू."

मग आम्ही कुजबुजत भांडलो.

"थेरड्या," मी पुटपुटलो.

"आनि?" मक्याची पोती बाहेर ओढत ते म्हणाले.

"माजा डबा तिला का दिला?"

"फुडं?"

पुढं सुचेना. शिवीला आवाज लागतो.

हळूहळू मर थांबली. पावसाळ्यात मामाच गेले. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर ती जतची बाई भेटली.

"तुमच्या किती ऱ्हायल्या?" तिनं विचारलं.

"निम्म्या. तुमच्या?"

"समद्या," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. पण ते तिला सांगायचं नव्हतं. ज्याला सांगायचं होतं, त्याच्या पिंडाकडे पाहत मी उभा राहिलो.