धुऱ्यावरची चिठ्ठी

मी मुळातच संशयी माणूस. यवतमाळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि कविता करायचो. कवींना मी मास्तर वाटायचो, मास्तरांना कवी. दोघांवरही माझा भरवसा नव्हता.

पांढरकवड्याच्या अलीकडे एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मला एक वेल सापडला. फुलं जांभळट, पानं खालून लवदार. ओळखीच्या कशाशीच जुळेना. फळ पाहिल्याशिवाय नाव ठरत नाही आणि सगळ्या शिवारात वेल हा एकच. मग आमच्या रिवाजाप्रमाणे त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, तिच्यावर नंबर आणि तारीख टाकली. वहीत त्याच्यावर चार ओळी लिहिल्या. खरं सांगतो, एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

महिन्याने गेलो तर तिथे नुसता खड्डा. मला लगेच आमच्या विभागातला गोडबोल्या सहकारी आठवला. वेलाची जागा फक्त त्यालाच सांगितली होती. उभ्या उभ्या मी त्याला चोर ठरवून मोकळा झालो.

एवढ्यात पऱ्हाटीतून, कपाशीच्या उभ्या पिकातून, एक बाई विळा घेऊन आली. "कोनाले शोधून राह्यले, सायेब?"

मी वेलाचं सांगितलं.

"म्याच उपटला. चिठ्ठीसकट चुलीत टाकला."

"काहून, मावशी?" माझा आवाज चढला.

तिचाही चढला. "पोरीकडून वाचून घेतली ना चिठ्ठी. नंबर अन् तारीख! तपासणीवाले अशीच खूण करते अन् मंग जीप आणते. उभं पीक उपटून नेलं तं लेकराईले काय घालू?"

ते कापसाचे वाईट दिवस होते. विकतचं बियाणं बोगस निघायचं, म्हणून लोक लपूनछपून चोरबीटी, म्हणजे सरकारची परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं, पेरायचे आणि अनोळखी माणूस दिसला की धास्तावायचे. तिच्या शेतात काय पेरलंय, हे मी विचारलं नाही.

"मी सरकारी नाही. मी झाडांवर कविता लिहितो," म्हणालो. तिचा विश्वास बसेना. शेवटी वही काढून त्या चार ओळी वाचून दाखवल्या. तिने विळा खाली ठेवून ऐकल्या.

"मंग भाऊ, चिठ्ठीवर हे काहून नाही लिवलं? हे पोरीनं वाचलं असतं तं कायले उपटला असता म्या?"

सहकाऱ्याची माफी मी मागितली नाही, कारण त्याला काही ठाऊकच नव्हतं. वहीत त्या नंबरापुढची नावाची जागा अजून कोरी आहे.