पहिल्या रांगेतली पिवळी साडी

उभा खांब दिसला आणि माझ्या आतेभावाने त्याला हात लावला नाही, असं देवास शहरात कधी घडलेलं नाही. विजेचा असो, मांडवाचा असो, दादा आधी त्यावर पंजा फिरवतो, टोकापर्यंत बघतो आणि "चांगला आहे" किंवा "जाड आहे" असा निकाल देतो. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरायची वेळ झाली तेव्हा नवरदेव मांडवाच्या खांबावर उलटा होता. भटजींनी खालूनच मुहूर्त जात असल्याचं कळवलं, तेव्हा मुंडावळ्या सावरत उतरला. पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला असताना शिफ्टच्या बसमध्ये जागा असली तरी तो दांड्याला लटकूनच जाई. सीटवर डबा बसे.

दादा मल्लखांबातला चॅम्पियन. मल्लखांबाला एरंडेल लागतं, म्हणून त्याच्या घरी सगळ्यालाच लागतं. गुडघ्यांना, दाराच्या बिजागऱ्यांना, नातवाच्या सायकलला. पाहुणे चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. खांबावरून उडी मारली की पाय जुळवून, हात वर करून चारी दिशांना सलामी द्यायची, ही सवय अशी की परवापरवापर्यंत बँकेची शेवटची पायरीसुद्धा तो उडी मारूनच उतरे. पेन्शनच्या दिवशी तिथला चौकीदार बंदूक काखेत धरून टाळ्या वाजवी.

असा माणूस एकदाच पडला. तरुणपणी, धारला, निवड स्पर्धेत. जिंकला असता तर राज्याच्या संघात गेला असता. खांबावर उलटा होऊन पकड बदलताना सर्रकन खाली आला, बसकण मारली, उठला आणि त्याही अवस्थेत चारी दिशांना सलामी दिली. का पडला? तर पहिल्या रांगेतल्या पिवळ्या साडीकडे बघत होता. ही गोष्ट आमच्या बसच्या आधी देवासला पोचली आणि पुढे प्रत्येक लग्नात सांगितली गेली. वहिनींनी ती सासरी आल्याआल्या ऐकली. तेव्हापासून त्यांनी पिवळी साडी घरात आणली नाही. बाजारात कुणी पिवळ्या साडीत दिसलं की म्हणतात, "अहो, खाली बघून चाला. घसराल." दादा निमूट खाली बघतो.

आता खरं सांगतो. खांबाला तेल लावलं की तो कोरड्या फडक्याने पुसायचा असतो. ते काम दादा माझ्याशिवाय कुणाला देत नसे. त्या दिवशी मी तेल लावलं, तेवढ्यात बाहेर गरम कचोरी निघाली, आणि पुसायचं राहिलं. पिवळी साडी मीच तिथल्या तिथे रचली. पहिल्या रांगेत नुसते पंच होते, आणि झाडून सगळे धोतरात.

गेल्या महिन्यात व्यायामशाळेने दादाचा सत्कार ठरवला. "काका, वो पीली साड़ी वाला किस्सा ज़रूर सुनाना," म्हणत तिथल्या पोरांनी भाषण माझ्याकडे दिलं. तेव्हा मात्र जीभ उचलेना. आधी घरी जाऊन दोघांसमोर सगळं सांगून टाकलं. वहिनी पळी हातात तशीच धरून उभ्या.

"म्हणजे साडी नव्हतीच?"

"नव्हती, वहिनी."

"भाऊजी, मी हळदीकुंकवाला कितीकजणींशी धड बोलले नाही हो."

दादा सायकलच्या चेनला तेल देत होता. मान वर न करता म्हणाला, "अरे भिया, मालूम था मुझे. खांब पुसलाय की नाही, हाताला कळतं ना."

"मग बोलला का नाहीस? तुझी निवड गेली."

"बोललो असतो तर तुझ्या हातात पुन्हा फडकं कुणी दिलं असतं?"

खरंच, धारहून परतल्यावर त्यानेच ते माझ्या हातात दिलं होतं. मी समजत होतो, त्याला काही कळलेलंच नाही.

सत्कारात मी हेच बोललो. नव्या पोरांना मराठी अर्धीच कळते, म्हणून कचोरीचा भाग हिंदीतही सांगितला. लोक हसले; या वेळी माझ्यावर. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, नव्याकोऱ्या पिवळ्या साडीत, घडीच्या खुणा तशाच. दादा माझा हात धरून व्यासपीठ उतरला. गुडघे आता ऐकत नाहीत. शेवटच्या पायरीवर त्याने हात सोडला. उडी कसली, टाचा जेमतेम उचलल्या. पाय जुळवले, हात वर केले. चारी दिशांना वळणं काही जमलं नाही. एकाच दिशेला, पहिल्या रांगेकडे, सलामी दिली, आणि बराच वेळ हात खाली घेतले नाहीत.