कंडक्टर आणि सारनाथची बस

दाराशी चार माणसे उभी दिसली की कंडक्टरला राहवत नसे. घर कोणाचे, प्रसंग कोणता, हे तो पाहत नसे. ‘समोर सरका, समोर सरका, मधात जागा आहे,’ असे म्हणत तो सर्वांना आत रेटी. एसटीतून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षे झाली होती. गेल्या हिवाळ्यात तो गेला, म्हणून हे लिहितो.

बोरगाव मेघेत आमची घरे लागून होती. माझी पत्नी वारली तेव्हा कंडक्टरने म्हाताऱ्यांना पुढे बसवले, लेकुरवाळ्या बायकांना भिंतीशी जागा दिली आणि माझ्या जावयाला दार मोकळे करायला लावले. मला राग आला. मात्र त्या दिवशी कोणीही उन्हात उभे राहिले नाही.

पत्नीच्या अस्थी काशीला न्यायच्या होत्या. तिची तेवढीच इच्छा होती. मला सोबत हवी होती, पण तसे मी कोणाला म्हटले नाही. कंडक्टर आपणहून आला. तो बौद्ध; असले विधी त्याला मान्य नव्हते.

‘तुमच्या गंगेवर माहा भरोसा नाई, बाबूजी,’ तो म्हणाला. ‘पण एकटे काऊन जाता? मले सारनाथ पाह्याचंच आहे.’

वर्ध्याच्या एका यात्रावाल्याने बस भरावी म्हणून काशीचे हिंदू आणि सारनाथचे बौद्ध एकाच गाडीत घेतले होते. पुढच्या बाकांवर भजन चाले, मागच्या बाकांवर बुद्धवंदना. लाल कापडात बांधलेला कलश मी मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यात काय आहे, हे कंडक्टरशिवाय कोणाला ठाऊक नव्हते.

वाटेत देवीच्या एका मंदिरात थांबलो. रांग तुंबली होती. कंडक्टर तिच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. तिकडच्या लोकांना त्याची वऱ्हाडी कळत नव्हती, तरी ते सरकत होते. पुजाऱ्याने त्याला देवस्थानचाच माणूस समजून प्रसादाची टोपली हाती दिली. त्याने ती शेवटपर्यंत वाटली. देवीला हात मात्र जोडले नाहीत. आपण ड्यूटीवर होतो, असे कारण त्याने दिले.

सारनाथला तो निराळाच माणूस झाला. स्तूपासमोर बराच वेळ हात जोडून उभा राहिला. लोक त्याला वळसा घालून जात होते. त्याने एकालाही सरकवले नाही. परतताना त्याचे डोळे लाल होते.

बस सुटायची वेळ झाली. पाणी घेण्यासाठी मी कलश खिडकीजवळच्या जागेवर ठेवून उतरलो होतो. कंडक्टरने दाराशी उभे राहून सर्वांना वर चढवले. कोणी राहिले नाही अशी खात्री केली आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. एसटीत याचा अर्थ, गाडी सोडा. चालकाने गाडी सोडली.

पाणी घेऊन आलेला मी कंडक्टरच्या शेजारीच उभा होतो. बस वळेपर्यंत तो समाधानाने पाहत राहिला.

‘बाबूजी,’ तो मग सावकाश म्हणाला, ‘आपण खालीच राह्यलो.’

दोघांचे फोन बसमध्ये होते. कलशही. रिक्षाने काशीकडे निघालो. कंडक्टर रिक्षात पाय दुमडून, अंग चोरून बसला होता.

मुक्कामाच्या धर्मशाळेत पोहोचलो तेव्हा आतून टाळ्या ऐकू आल्या. लाल कापडातला, जागेवर एकटाच आलेला कलश देवाचाच असणार, असे सहप्रवाशांनी ठरवले होते. त्याला पाटावर बसवून झेंडू वाहिला होता, पुढे पेढे ठेवले होते. मागच्या बाकांवरच्या बायकांनीही वेगळे पडायला नको म्हणून मेणबत्त्या लावल्या होत्या. आरती अर्ध्यावर आली होती.

‘त्यात माझी पत्नी आहे,’ मी म्हणालो.

टाळ्या थांबल्या. ताट धरलेल्या हिंगणघाटच्या म्हातारीने मात्र ते खाली ठेवले नाही.

‘मंग तं पुरी करू द्या न, बाबाजी. बाईमाणसाची आरती अर्ध्यावर काऊन सोडता?’

आरती पूर्ण झाली. पेढा मला घ्यावा लागला.

सकाळी घाटावर सगळी बस आमच्यामागे आली. प्रत्येकाला नावेत यायचे होते. कंडक्टर नावेत चढायच्या फळीवर आडवा उभा राहिला. नावेत जागा नाही, असे त्याने सांगितले. जागा पुष्कळ होती.

प्रवाहाच्या मध्यावर नावाड्याने वल्हे थांबवले. मी कलश छातीशी धरून बसलो. कापडाची गाठ मला सुटेना. नावाडी दोनदा खाकरला. कंडक्टरने त्याला हातानेच थांबवले, वाकून गाठ सोडली आणि कलशाकडे पाहून म्हणाला,

‘वहिनी, काशी आली. उतरा सावकाश. घाई नाई.’

मी कलश कलता केला.