शिशाच्या गोळ्या

"तुमच्या केशरी निघाल्या की माझी नानकटाई ठेवते हं," काकू स्वयंपाकघरात म्हणत होत्या.

"केशरी अजून कच्च्या आहेत. हिरव्या झाल्यात. घाई करू नकोस," काकांचा आवाज आला.

मी बाहेर सोफ्यावर, आईने पाठवलेला डबा मांडीवर घेऊन बसले होते. घरात साजूक तूप आणि तापलेलं प्लास्टिक यांचा मिळून एक वास भरला होता. थोड्या वेळाने काका ओव्हनची जाळी हातात धरून बाहेर आले. जाळीवर जांभळाएवढ्या हिरव्यागार गोळ्या होत्या. गुळगुळीत, चकचकीत.

"शिशाच्या गोळ्या," काकूंनी मला सांगितलं. "रिटायर झाल्यापासून हे खूळ आहे यांचं."

मी मान डोलावली. मी इकडे गुडगावलाच वाढले. घरात मराठी, शाळेत इंग्लिश आणि बाकी सगळीकडे हिंदी. हिंदीत शीशा म्हणजे काच. लहानपणी आमच्या वॉचमनची मुलं पार्किंगमध्ये काचेच्या गोट्या खेळायची, त्यांना ती शीशे की गोलियाँच म्हणायची. तेव्हा काका काचेच्या गोट्या बनवतात असं मी समजले आणि विषय संपला. मराठी शब्द नीट कळला नाही तर मी मान डोलावते. विचारण्यापेक्षा ते सोपं पडतं. मग त्याच ओव्हनमधून निघालेल्या दोन नानकटाया मी खाल्ल्या.

काकांना आमच्या गुडगावच्या सोसायटीत सगळे पावडरकाका म्हणायचे. मानेसरच्या एका पार्ट्सच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म पावडर कोटिंगच्या विभागात काढला होता. धातूवर कोरड्या रंगाची पूड बसवायची आणि ती भट्टीत भाजून पक्की करायची, हे त्यांचं काम. कुठेही गेले की काका आधी लोखंडाला अंगठा लावून बघायचे. लिफ्टचं दार, मेट्रोतला खांब, लग्नाच्या हॉलमधली खुर्ची. "हे पावडर नाही, हे नुसतं फासलंय," असं यजमानांसमोर म्हणायचे. काकू त्यांना कोपराने ढोसायच्या. त्याचा उपयोग व्हायचा नाही.

रिटायर झाल्यावर कारखान्याची भट्टी गेली, मग घरातल्या ओव्हनवर गदा आली. आधी काकूंची सांडशी निळी झाली. मग झारा, मग देवघरातली घंटा. घंटेचा आवाज बसला तेव्हा मात्र काकूंनी दोन दिवस अबोला धरला. "आवाज गेला, पण आता गंज नाही चढणार," काका मला हळूच म्हणाले होते.

माझ्याशी ते असंच बोलायचे, मी उत्तर देणार नाही हे गृहीत धरून. "काय सायलेंट मोड, ऑफिस काय म्हणतंय?" असं विचारायचे आणि स्वतःच सांगायचे, "बरं चाललंय म्हणतंय. छान." मला ते आवडायचं. बाकीचे लोक मी गप्प बसले की काळजी करतात, नाहीतर हसतात. काकांनी माझ्या गप्प बसण्याला घरात एक खुर्ची देऊन टाकली होती.

दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला आमच्याकडची मराठी मंडळी बस करून पानिपतला जातात. त्या वर्षी आईला ताप होता म्हणून तिच्या जागी मी गेले. बसमध्ये तिळगूळ वाटून झाला आणि काका एक कापडी पिशवी घेऊन उठले. प्रत्येकाच्या हातावर एकेक गोळी ठेवत ते मागे येऊ लागले.

"काका, बंदूक कुठाय?" पुण्याहून नुकताच बदलून आलेला एक आयटीवाला ओरडला.

"अरे यार, बंदूक समोरच्याकडे आहे असं समज. तुला गोळी लागलीये."

बस हसली. मग काकांनी गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका शेतकऱ्याने त्यांना नांगरताना सापडलेली जुनी गोळी दाखवली होती. मातकट, पांढुरकी. काकांनी सवयीने अंगठा घासला तर अंगठा काळा झाला. "अडीचशे वर्षं होऊन गेली आणि कोणाला कोट मारायचं सुचलं नाही! पुस्तकात नुसतं लिहितात, गोळी लागली. केवढी होती, किती जड होती, ते हातात धरून बघा एकदा."

माझ्या हातावर केशरी गोळी आली आणि हात खाली गेला. एवढीशी गोळी, आणि इतकी जड. मी ती दुसऱ्या हातात घेतली. साच्यातून काढताना राहिलेल्या एका कडेवर रंग नीट बसला नव्हता, तिथे करडा धातू दिसत होता.

"काका," मी म्हटलं, "काच एवढी जड असते?"

"काच? काच कुठे आली? अगं, शिसं आहे हे!"

"शिसं म्हणजे?"

"घ्या! पोरीला शिसं माहीत नाही. लेड, लेड! घरी गॅसवर कढईत वितळवून ओततो मी."

पुन्हा सगळे हसले. मी हसू शकले नाही. मी ज्या ऑफिसात काम करते तिथे बाहेरून येणाऱ्या खेळण्यांचे टेस्ट रिपोर्ट तपासतात. लेड हा शब्द मी दिवसभर वाचते. एखाद्या बाहुलीच्या गालावरच्या रंगात ते नखभर जास्त निघालं तर अख्खा कंटेनर अडकतो. आणि हा माणूस ते घरात, गॅसवर, कढईत वितळवत होता. नानकटाईची चव माझ्या तोंडात परत आली. मी बाटलीतल्या पाण्याने आधी हात धुतले, खिडकीतून बाहेर, सगळ्यांच्या देखत.

"काका, हे सेफ आहे?" मी विचारलं.

"मग रंग कशासाठी चढवतो मी? शिसं आत, आपण बाहेर. बिल्कुल टेन्शन नाही!" ते पुढच्या सीटकडे वळले.

हेच तर भयंकर होतं. त्यांचा त्या रंगावर पूर्ण विश्वास होता. साच्यातून निघालेल्या गोळीला रंग चढेपर्यंत ते कोणाला बोट लावू देत नव्हते. पण रंग चढण्याआधी जे वितळत होतं, कढईवर जी राख जमत होती, ती झटकताना जे उडत होतं, त्याला कोणता कोट होता?

परत आल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. जानेवारीचा धुरकट दिवस होता. काकांनी स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावून फटींना टेप चिकटवला होता. एक्झॉस्टच्या भोकात जुनं फडकं कोंबलं होतं. हॉलमध्ये एअर प्युरिफायर घुरघुरत होता. गॅसवर कढई होती आणि कढईत आरशासारखं काहीतरी हलत होतं. टायरवाल्यांकडून आणलेली, चाकं बॅलन्स करायची शिशाची वजनं त्यात वितळत होती.

"दार लाव, दार लाव," काका म्हणाले. "बाहेरची हवा विषारी आहे आज."

मी दारातच उभी राहिले. इतकं थक्क होऊन मी कधी कोणाकडे बघितलं नसेल. काकूंना बाजूला घेऊन मी सांगितलं, की लेड पॉयझनस असतं, श्वासातून जातं, जेवणातून जातं. काकूंनी माझ्या गालाला हात लावला. "अगं, ते जाणतात सगळं. जन्म गेलाय त्यांचा यात. तू किती विचार करतेस!" घरी येऊन मी काकांना तीन लेख पाठवले, इंग्लिशमधले. काकांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

उन्हाळ्यापर्यंत काकांचं पोट सारखं दुखायला लागलं. चेहरा फिकट झाला. चहाचा कप हातातून निसटायचा, तेव्हा ते कपावरच चिडायचे. ज्या माणसाला कारखान्यातल्या सगळ्या रंगांचे नंबर पाठ होते, तो एकदा मला दारात बघून बराच वेळ नाव शोधत राहिला, आणि शेवटी "ये, ये बेटा" म्हणाला. सगळे म्हणाले, वय झालं. कोणी म्हणालं, ॲसिडिटी. त्यांची मुलगी पुण्याला असते, म्हणून हॉस्पिटलमध्ये काका-काकूंबरोबर मी गेले.

काका आता लेकीकडे पुण्यालाच असतात. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून तो दोनदा वाचला. मग काकूंचं आणि माझंही रक्त तपासलं. बरेच महिने उपचार चालले. कढई, साचा, ओव्हन, सगळं घरातून गेलं. काकांचं उजवं मनगट अजून पुरतं सरळ होत नाही, पण फोनवर आवाज खणखणीत असतो. लेकीच्या बाल्कनीचं ग्रिल कसं वाईट रंगवलंय ते मला सविस्तर सांगतात.

पण हॉस्पिटलमधल्या त्या पहिल्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग होती. त्यांनी काकूंना विचारलं, "अंकल दिन भर क्या करते हैं?"

काकांनी काकूंकडे असं बघितलं, की हे कशाला सांगायचं. तरी काकूंनी सांगितलं, त्यांच्या हिंदीत, मनापासून. "घर में शीशे का काम करते हैं. शीशा पिघलाके छोटी छोटी गोली बनाते हैं, फिर कलर करते हैं."

"अरे वाह! शीशे का काम! अंकल तो आर्टिस्ट निकले," डॉक्टर हसले. "बढ़िया है, हाथ चलते रहने चाहिए." आणि स्क्रीनकडे वळून टाइप करू लागले. पोटाची एक तपासणी, व्हिटॅमिन, पंधरा दिवसांनी या.

काकू खुश झाल्या होत्या. काका सुटल्यासारखे उठायला लागले. आपल्या शिशाचा त्या खोलीत शीशा झालाय, हे दोघांनाही कळलं नव्हतं. डॉक्टरांना कळायचा प्रश्नच नव्हता. तिथे दोन्ही शब्द फक्त मला येत होते.

प्रिंटरमधून कागद बाहेर यायला लागला. काकांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. मी खुर्चीवरून उठले नाही.

"शीशा नहीं, सर," मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला. "सीसा. लेड. काका घर में लेड पिघलाते हैं. किचन में, खिड़की बंद करके."